चित्रातल्या कोटाची पाठ

१५ जानेवारी १९८४, रविवार

औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी करणारं एक गिऱ्हाईक आहे, ते दरवर्षी डायरी देतात. पानापानाखाली कसल्या कसल्या गोळ्यांची नावं छापलेली असतात. आजवर अशा डायऱ्यांत मी मापंच लिहीत आलो. या वर्षी मापांना जुनी वही चालेल. या वर्षी लिहून ठेवण्यासारखं घडतंय.

सुलक्षणाचं लग्न होऊन आज तेवीस दिवस झाले. जावई चंद्रप्रकाश परवा कॅनडाला परत गेले. टोरोंटोला कारखान्यात इंजिनियर आहेत. महिन्याच्या रजेवर आले, मुलगी पाहिली, दहा दिवसांत सगळं ठरलं आणि झालंसुद्धा. सुलू आता मुलुंडला सासरी आहे. कागदपत्रं झाली की पाच-सहा महिन्यांत तीही जाईल. भांडुपच्या चाळीतली, जयवंत धुरी शिंप्याची मुलगी. कालपासून तीनदा तरी हे वाक्य मनात म्हणून झालं.

आज ट्रंकेतून ते चित्र काढलं. सन १९५४. तेव्हा मी फोर्टातल्या एका साहेबी दुकानात शिलाईला होतो. विलायतेला निघालेल्या बायकांचे कोट तिथे शिवले जात. गिऱ्हाइकाला आधी चित्र दाखवायची पद्धत होती आणि ती चित्रं काढायला पिंटो म्हणून गोव्याचे गृहस्थ होते. चार रेघांत बाई उभी करत. ही बाई उंच आहे. मान जरा वळवलेली, एका हातात हातमोजा, दुसरा हात खिशात. तोंडाच्या जागी भुवयांची एक रेघ आणि ओठ, बस्. पण कोट मात्र पुरा. गर्द वांगी रंगाचा. गळ्याशी एकच मोठं बटण, कॉलर शालीसारखी खांद्यावर पडलेली, बाह्या मनगटाच्या वरच थांबलेल्या, आणि खांद्यापासून खाली सगळा घेर मोकळा. कमरेला कुठे आवळलेलं नाही. ज्या बाईसाठी काढलं तिने ऐन वेळी दुसरा नमुना निवडला, म्हणून तो कोट कुणी शिवलाच नाही. मी तेव्हा अस्तरं टाचायचो. कोट बेतायची कात्री माझ्या हातात तिथे कधी आली नाही. दुकान बंद झालं तेव्हा पिंटोंनी हे चित्र मला देऊन टाकलं.

त्यानंतर मी पँटी शिवल्या, झंपर शिवले, शाळेचे गणवेश शिवले. आता हा कोट शिवणार. टोरोंटोत फार थंडी असते म्हणे.

७ फेब्रुवारी, मंगळवार

मंगळदास मार्केटात जाऊन कापड आणलं. वांगी रंग हवा तसा मिळेना. चौथ्या दुकानात मिळाला. जाड लोकर आहे, हातात घेतली की वजन कळतं. कशासाठी हवंय असं फक्त एकाने विचारलं, पण मुलगी कॅनडाला चालली आहे हे मी चौघांनाही सांगितलं.

चित्र नीट पाहायला बसलो तर एक अडचण दिसली. चित्र पुढून काढलेलं आहे. मागची बाजू नाहीच. घेर पाठीवर कुठून सुटतो, खांद्याच्या शिवणीतून की कॉलरखालच्या चुणीतून, काही कळत नाही. फोर्टातल्या दुकानात असलं काही आलं की तिथले थोरले मास्टर पाठ मनानेच बेतायचे. ते आज असते तर विचारलं असतं.

२६ फेब्रुवारी, रविवार

सुलू आज ट्रंक घेऊन घरी आली. सासरे, सीतारामराव, स्वतः सोडायला आले होते. पण वर चढले नाहीत, गुडघे दुखतात म्हणून खालूनच गेले. म्हणाले, कागद येईपर्यंत मुलगी आईजवळ राहू दे, नंतर कुठे भेटणार आहे. किती समजूतदार माणसं. मी त्यांना निदान चहा घ्या म्हणालो, तर घाईत होते.

सुलू जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. मुलुंडहून भांडुपला येऊन डोकं दुखावं असा काही प्रवास नाही, पण असेल. चंपा आणि ती बराच वेळ आतल्या खोलीत दार लोटून बसल्या होत्या. मी पाणी प्यायला गेलो तर दोघी गप्प झाल्या. मायलेकींचं काही बोलायचं असेल.

६ मार्च, मंगळवार

कोटाचं माप घेतलं. सुलू आधी नकोच म्हणत होती. "बाबा, राहू द्या ना. तिकडे तयार मिळतात." मी म्हटलं, तयार मिळतात ते सगळ्यांना मिळतात. मग चित्र दाखवलं. तिने ते खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ पाहिलं. मागून कसा आहे म्हणून विचारलं. ते चित्रात नाही, ते मी बेतायचं, असं मी सांगितलं. हात पसरून उभी राहिली.

लग्नाच्या ब्लाउजपेक्षा छाती दीड इंच कमी भरली. आईच्या हातचं खाऊन भरेल. मी जास्तीचा इंच धरून ठेवला आहे.

४ एप्रिल, बुधवार

जावयांचं पत्र आलं. सुलूला पत्रांची इतकी ओढ आहे की पोस्टमनची वाट पाहत नाही. रोज सकाळी अकराच्या आत स्वतः पोस्टात जाते. चंपाला मी म्हटलं, नवीन लग्नाचं असंच असतं. चंपा तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी सुलूने पत्र वाचून दाखवलं. नवराबायकोचं पत्र, म्हणून मी हातात मागितलं नाही. तीच कुठे कुठे गाळून वाचते. चंद्रप्रकाश लिहितात, इथे रस्त्यावर गुडघाभर बर्फ आहे, घरातून निघताना टोपी, हातमोजे सगळं घालावं लागतं. साहेबांनी कामाचं कौतुक केलं. सुलूच्या कागदांसाठी कचेरीत दोनदा गेलो होतो, काम चालू आहे. आईबाबांना नमस्कार. माझ्या कोटाबद्दल विचारलंय. तिने पत्रात कळवलं असणार.

पत्र वाचताना तिचा आवाज छान लागतो. शाळेत धडा वाचायची तसा.

२९ एप्रिल, रविवार

जुन्या चादरीवर आधी बेतून पाहिलं. पुढचा भाग झकास उतरला. पाठ तीनदा बदलली. शेवटी कॉलरखाली एक खोल चुणी घेतली आणि घेर तिथून सोडला. असंच असणार.

सुलू टायपिंगच्या क्लासला पुन्हा जायला लागली आहे. लग्नाआधी घाटकोपरला टायपिस्ट होती. सासरच्यांनी सोडायला सांगितलं म्हणून ती नोकरी सोडली. आता म्हणते, हाताची सवय मोडायला नको. तिकडे जाऊनही नोकरी करायची म्हणत असेल. शिकलेली मुलगी आहे, करू दे.

मी मुलुंडला जाऊन येतो, फार दिवस झाले, म्हणालो. चंपाने अडवलं. मुलीच्या सासरी सारखं जाऊ नये म्हणाली. तेही खरं.

२१ मे, सोमवार

शहरात दंगल पेटलीय. स्टेशनकडची सगळी दुकानं बंद. कापड घरी आणून ठेवलं होतं, ते बरं झालं. आज खाली चटई अंथरून कापड पसरलं, देवाला नमस्कार केला आणि कात्री चालवली. बाहेर लोक काय काय बातम्या आणतात आणि मी इथे खडूच्या रेघेवर डोळे लावून बसलो होतो. लाज वाटायला हवी, पण इतकं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. चंपालाही तसं म्हणालो. ती उठून गॅलरीत गेली.

कच्ची शिलाई घालून सुलूला चढवला. पाठीवर, मानेच्या खाली, कापड किंचित ओढलं जातं. इस्त्रीने बसेल. सुलू डोळे मिटून उभी होती. गालावरून पाणी आलं. लोकर टोचते म्हणाली. अस्तर लागलं की टोचणार नाही, हे मी तिला समजावून सांगितलं.

१७ जून, रविवार

पत्र आलं. अजून बर्फ पडतोय म्हणे. काल तर दारच उघडेना, फावड्याने ओढून काढावा लागला. जूनमध्ये बर्फ. काय देश आहे. साटिनच्या नुसत्या अस्तराने काही होणार नाही, मध्ये फ्लॅनेलचा थर घालावा लागेल. म्हणजे बाह्या पुन्हा उसवायच्या. उसवीन.

सुलूला म्हटलं, तू जाईपर्यंत तरी थंडी कमी होईल का गं. ती म्हणाली, "होईल बाबा."

२२ जून, शुक्रवार

दुकानात शिवदास गमरे पँटची कंबर सैल करायला आला होता. आमच्या मागच्या चाळीत राहतो. बोटीवर खलाशी होता, वीस-पंचवीस वर्षं जगभर हिंडला. टेबलावरचा कोट पाहून त्याने हात लावला, चांगलं कापड आहे म्हणाला. मी कौतुकाने सगळं सांगितलं. जूनमध्ये बर्फ पडतोय हेही सांगितलं.

तो हसला. "मास्टर, कुणी चेष्टा केली तुमची. मॉन्ट्रियलला मी जूनमध्ये उतरलोय. माणसं बनियनवर फिरतात तिकडे. घाम येतो, घाम."

मी म्हटलं, तू जाऊन वर्षं झाली, हवा बदलते. तो बरं म्हणाला. जाताना मात्र वळून माझ्याकडे पाहिलं.

दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. मॉन्ट्रियल वेगळं, टोरोंटो वेगळं. आपलं महाबळेश्वर आणि मुंबई कुठे सारखी आहे?

१ जुलै, रविवार

आज सुलूकडे पत्र मागितलं. फक्त जूनचं. वाचायचं नाही, तारीख बघायची आहे, म्हणालो. ती म्हणाली, फाडून टाकलं. एप्रिलचं? तेही फाडलं. नवऱ्याची पत्रं कोणी फाडतं का, असं मी विचारलं. चंपा मध्ये पडली. "चेडवाक कित्याक छळतास? जेवान थंड होता, जेवा."

तेव्हा चंपाच्या चेहऱ्यावर भीती होती. मुलीची नाही, माझी.

उद्या मुलुंडला जातो. कुणाला सांगणार नाही.

३ जुलै, मंगळवार

काल लिहायला हात उठला नाही. आज लिहितो. जसं झालं तसं लिहितो.

सीतारामराव घरी होते. दार उघडून मला पाहिलं आणि त्यांना आश्चर्य वाटलं नाही. बसा म्हणाले. त्यांची बायको स्वयंपाकघरात होती, ती बाहेर आली नाही. मी म्हटलं, जावयांची खुशाली कळावी म्हणून आलो, बरेच दिवस पत्र पाहिलं नाही. त्यांनी पंखा लावला. मग म्हणाले, "तुम्हांला अजून माहीत नाही?"

मी नाही म्हणालो.

चंद्रप्रकाशचं तिकडे लग्न झालेलं आहे. सहा वर्षं झाली. बाई तिकडचीच आहे, दोन मुलं आहेत. घरच्यांना पसंत नव्हतं. त्यांना वाटलं, इथे आपल्यातली मुलगी करून दिली की तो तिकडचं सोडेल. त्यालाही इथे आल्यावर तसंच वाटलं होतं म्हणे. तिकडे परत गेल्यावर वाटेनासं झालं. हे सगळं त्यांनी हिशेबी आवाजात सांगितलं, एखादी बदली रद्द झाली असं सांगावं तसं.

मी विचारलं, माझ्या मुलीचं काय. ते म्हणाले, "तिला आम्ही फेब्रुवारीतच सांगितलं होतं. लपवाछपवी आम्ही केली नाही. तिने घरी सांगितलं नसेल तर तो आमचा दोष नाही."

मी त्यांना काय बोललो? काही नाही. मी त्यांच्या घरात पाणी प्यालो. पेला खाली ठेवला, येतो म्हणालो आणि जिना उतरलो. मुलुंडहून चालत भांडुपला आलो.

घरी दोघी होत्या. सुलूने मला पाहिलं आणि तिला कळलं. मी म्हणालो, "तू मला चार महिने वेड्यात काढलंस." आणखीही बोललो. ते इथे लिहीत नाही. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. चंपा म्हणाली, "माका ठावक होता. पयल्या दिवसापासून. तुमका सांगून काय झाला असता? तुमका इतक्या खुशीत मिया कधी बगूक नाय."

मी विचारलं, मग कोट का शिवू दिलात.

सुलू म्हणाली, "बाबा, तुम्ही शिवत होतात तोपर्यंत मलाही वाटायचं, मी जाणार आहे."

पत्रं तीच मनाने रचायची. पहिलं, जानेवारीतलं, तेवढं खरं. त्यात बर्फ होता. पुढच्या सगळ्या पत्रांत तिने तोच बर्फ घातला.

५ जुलै, गुरुवार

दुकान उघडलं नाही.

९ जुलै, सोमवार

सुलू म्हणते, वकिलाकडे जाऊ. पोलिसांत तक्रार देऊ. दोन लग्नं करणं गुन्हा आहे, तिने क्लासमधल्या बाईंना विचारलंय. तिचे दागिनेही तिकडेच आहेत.

मी नको म्हणालो. कोर्टात गेलं की बोभाटा होतो. चाळीत, गावात, सगळीकडे. आज लोकांना एवढंच माहीत आहे की कागदांना उशीर होतोय. तेवढंच राहू दे. थोडे दिवस जाऊ देत, मग बघू.

"कशासाठी दिवस जाऊ द्यायचे?" असं तिने विचारलं. मी चपला घालून खाली उतरलो. ती पुन्हा विचारायला आली नाही. चंपा माझ्याशी कामापुरतं बोलते.

दोष कुणाचा हे मला माहीत आहे. विमान, कॅनडा, इंजिनियर. मला तेवढं ऐकू आलं, आणि मग दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. मुलीने हो म्हटलं तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणाली होती. ते मला तेव्हाही दिसलं होतं.

१२ ऑगस्ट, रविवार

शिवदास येऊन गेला. पँट न्यायला आलो म्हणाला, पण पँट त्याने जुलैतच नेली होती. अर्धा तास बसला. बर्फाचं काही काढलं नाही. त्याच्या गावाकडच्या पाण्याबद्दल बोलला, उठून गेला. एवढं बरं गेल्या दीड महिन्यात मला वाटलं नव्हतं. पण त्याच्याशीही मी खरं बोललो नाही.

तो गेल्यावर कोट काढला. म्हटलं, निदान हातातलं काम पुरं करू. पुतळ्यावर चढवला आणि मागून पाहिला. पाठ चुकली आहे. चुणी चुकीच्या जागी आहे, म्हणून सगळा घेर एका बाजूला ओढला जातो आणि डावा खांदा उचलला जातो. मे महिन्यातच दिसलं होतं. इस्त्रीने बसेल असं लिहून ठेवलंय मी. इस्त्रीने बसण्यासारखं ते नव्हतंच. पाठ नव्याने बेतायची तर कापड उरलेलं नाही, आणि तोच ताका आता मिळणार नाही.

थोरल्या मास्टरांनी पाहताक्षणी सांगितलं असतं. म्हणूनच मला तिथे कात्री मिळाली नसेल.

एक बाही लावलेली आहे, दुसरी नाही. तसाच चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. चित्रही त्यातच टाकलं.

३ सप्टेंबर, सोमवार

चाळीच्या गणपतीला सगळे विचारत होते. वनमालाबाईंनी, या मजल्यावर सगळ्यांत जास्त चौकशी त्यांना असते, सुलूसमोरच विचारलं, जावयांचं पत्र काय म्हणतंय. मी म्हणालो, परवाच आलं. कागद शेवटच्या टेबलावर आहेत. तिकडे आता झाडांची पानं लाल व्हायला लागली आहेत.

पानांचं मला कुठून सुचलं कोण जाणे. कुठल्यातरी कॅलेंडरवर पाहिलं असेन. वनमालाबाई म्हणाल्या, नशीब काढलं मुलीने.

सुलूने माझ्याकडे पाहिलं. आरती संपायच्या आत ती घरी निघून गेली.

२४ सप्टेंबर, सोमवार

सुलूला नोकरी लागली. जोगेश्वरीला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. अर्जावर माहेरचं नाव लिहिलं. मी म्हटलं, निदान कुणी विचारलं तर तात्पुरती आहे म्हणावं. ती म्हणाली, "तुम्ही सांगा. तुम्हांला जमतं."

आठ दिवसांत ती माझ्याशी बोललेलं हे एवढंच.

२१ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी तीन दिवसांवर. दुकानात मान वर करायला वेळ नव्हता, म्हणून दुपारी जेवायला उशिरा घरी आलो. घरात दोन पाहुणे बसलेले. एक धाकू सावंत, जोगेश्वरीचे, मिलमधून दोन वर्षांपूर्वी घरी बसलेले, आता कुठेशी वॉचमन आहेत. दुसरा त्यांचा मेहुणा. ओळख ना पाळख. चंपाने चहा ठेवला होता. सुलू रविवार म्हणून घरी होती, आत कपड्यांच्या घड्या घालत होती.

धाकूंनी फार अदबीने सुरुवात केली. त्यांच्या मुलीला मुलुंडहून स्थळ आलंय. सीतारामरावांचा धाकटा मुलगा, नंदू. तोही मोठ्या भावाकडे कॅनडाला जाणार आहे. लग्न करून जायचं म्हणतोय. माणसं घाई करताहेत, दिवाळीनंतर लगेच मुहूर्त धरा म्हणताहेत. "आम्हांला काय समजतंय त्यातलं," धाकू म्हणाले. "सीतारामराव म्हणाले, आमच्याबद्दल काही विचारायचं असेल तर भांडुपला आमच्या व्याह्यांना विचारा. त्यांची मुलगी आमच्याकडे दिलेली आहे, ते सांगतील."

मी ते ऐकलं आणि मला सगळं समजलं. सीतारामरावांनी माझंच नाव दिलं होतं. त्या दिवशी मी त्यांच्या घरात पाणी पिऊन गुपचूप जिना उतरलो, तेव्हाच त्यांनी मला ओळखलं होतं. हा माणूस बोलणार नाही. स्वतःच्या घराची लाज झाकायला हा आमचीही झाकेल.

धाकू माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती, हातानेच, बहुतेक बायकोने. मुलगी बारावी झालेली आहे, शांत आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. दारातून गॅलरीत वनमालाबाई दिसत होत्या, दिव्यांना रंग देत बसलेल्या. माझ्या डोक्यात तेवढंच होतं, की बाहेर ऐकू जाईल.

मी म्हणालो, "माणसं चांगली आहेत."

धाकूंनी सुटकेचा श्वास सोडला. मेहुण्याने मान हलवली. चंपा चहाची किटली हातात धरून तशीच उभी राहिली.

सुलू बाहेर आली. हातातली साडी तिने खाटेवर ठेवली, पाहुण्यांच्या समोर जमिनीवर बसली आणि सांगायला लागली. मी तीच मुलगी, म्हणाली. लग्न झालं ती तारीख सांगितली, घरी परत पाठवलं ती तारीख सांगितली. टोरोंटोची बाई, दोन मुलं, दागिने, सगळं. रडली नाही, आवाज चढवला नाही. धाकट्याबद्दल तिला काही माहीत नाही, तो चांगलाही असेल, हेही तिने सांगितलं. "पण ते घर सगळं जाणून गप्प राहिलं. तुमच्या मुलीला आधी हे सांगा, मग तिला विचारा."

गॅलरीतला ब्रश थांबला होता. सुलूला तो दिसत होता. ती थांबली नाही.

धाकूंनी चहाचा कप खाली ठेवला. मग उठले आणि सुलूला हात जोडले. तिच्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस. चपला घालताना ते माझ्याकडे वळले. राग असता तर बरं झालं असतं, पण तो नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"तुमच्या मुलीवर हे बेतलं असून, मास्टर, तुम्ही माझ्या मुलीला…"

पुढचं ते बोलले नाहीत. मेहुण्याने हाताला धरून त्यांना नेलं.

ते राहिलेलं वाक्य मी इथे पुरं करून ठेवतो. माझ्या मुलीवर हे बेतलं असून मी त्यांच्या मुलीला त्याच घरात पाठवत होतो, आणि माझी मुलगी मध्ये आली नसती तर पाठवली असती. मुहूर्ताला मी अक्षताही टाकायला गेलो असतो.

सुलू आणि चंपा उद्या वकिलाकडे चालल्या आहेत. किती वाजता निघणार, मी विचारलं. सुलूने लग्नाचे फोटो पिशवीत भरले, चंपाने पिशवीचं तोंड बांधलं.